शाळेतला चढाईपटू कसा पारखावा?

पुणे-सोलापूर रस्त्यावरचे लोणी काळभोर हे हवेली तालुक्यातले गाव. तुकाराम महाराजांच्या पालखीचा पुणे सोडल्यानंतरचा मुक्काम इथे असतो. इथे तेलकंपन्यांचे डेपो आहेत आणि राज कपूर यांच्या राजबागेत आता एमआयटी एडीटी विद्यापीठ उभे आहे. अशा गावातल्या अकरावीतल्या एखाद्या मुलाने प्रकाशझोतातल्या दोन-तीन स्पर्धा गाजवल्या, 'सर्वोत्कृष्ट चढाईपटू'चा करंडक घरी आणला, की चर्चा सुरू होते. पोरगा विद्यापीठाच्या संघात जाईल का? क्रीडा कोट्यातून प्रवेश मिळेल का? प्रो कबड्डीत दिसेल का? चुलते म्हणतात, शंभर टक्के. आई विचारते, बारावीचे काय? आणि ज्याने उत्तर द्यायचे ते क्रीडाशिक्षक बहुतेक वेळा करंडकांची संख्या मोजून मोकळे होतात.

हा प्रश्न जगभर विचारला जातो. अमेरिकेत शाळेतल्या फुटबॉलपटूंना महाविद्यालयीन संघांत घेण्यासाठी पारखणाऱ्यांचा एक मोठा व्यवसायच उभा आहे. त्या खेळात चेंडू काखेत धरून प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या खेळाडूला 'रनिंग बॅक' म्हणतात. आपल्या चढाईपटूचा तो लांबचा भाऊच. त्याच्यासमोर अकरा जण असतात, आपल्या गड्यासमोर सात. दोघांनाही क्षणात फट हेरायची असते, अंगावर हात पडला तरी तोल सांभाळायचा असतो आणि ठरलेल्या रेषेपर्यंत पोचायचे असते. तिथे शाळकरी मुलांना दर्जानुसार तारे बहाल केले जातात, चाळीस यार्डांची धाव सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. तरीही अंदाज चुकतात. एमिट स्मिथ शाळेत असताना तो पुरेसा वेगवान नाही आणि अंगाने लहान आहे, असे काही जाणकार म्हणत होते. पुढे त्याने व्यावसायिक लीगमध्ये 18,355 यार्ड धावण्याचा विक्रम केला. टेरेल डेव्हिसला 1995 मध्ये त्या लीगच्या खेळाडू-निवडीत सहाव्या फेरीपर्यंत कुणी घेतले नाही. 2017 मध्ये तो तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

आपल्याकडचे दाखलेही कमी नाहीत. पवन सेहरावतला प्रो कबड्डी लीगच्या 2017 च्या हंगामात गुजरातकडून खेळताना फारशी संधी मिळाली नाही आणि गुणही मोजकेच मिळाले. पुढच्याच हंगामात बंगळुरूकडून त्याने चढाईचे 271 गुण मिळवले आणि संघाला विजेतेपद मिळवून दिले. प्रदीप नरवालच्या पहिल्या हंगामातले गुण दहाच्या आत होते. पाटण्याकडे गेल्यावर 2017 मध्ये त्याने एका हंगामात 369 गुणांची मजल मारली. वर्ष-दोन वर्षांत या दोघांचे पाय बदलले नव्हते. त्यांना संधी, जागा आणि विश्वास मिळाला. तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या मुलाबद्दल 'हा नक्की जाणार' किंवा 'याच्यात काही नाही' असे छातीठोक सांगणाऱ्यापासून सावध राहावे. मात्र अंदाज बांधण्याची शहाणी पद्धत आहे, आणि ती गावातल्या शिक्षकालाही जमण्यासारखी आहे.

गुण मोजताना बाद होणेही मोजा

पहिली चूक होते ती गुणांच्या बेरजेत. गावच्या स्पर्धेत फलकावर चढाईपटूने आणलेले गुण दिसतात. तो कितीदा पकडला गेला, हे कुणी लिहून ठेवत नाही. समजा, दोन मुलांनी प्रत्येकी चाळीस चढाया केल्या. पहिल्याने 22 गुण आणले आणि 14 वेळा पकडला गेला. दुसऱ्याने 17 गुण आणले आणि फक्त 5 वेळा सापडला. टाळ्या पहिल्याला पडतील. पण प्रत्येक पकडीचा एक गुण प्रतिस्पर्ध्याला जातो. म्हणजे पहिल्याची निव्वळ कमाई 8 आणि दुसऱ्याची 12. पकड झाली तेव्हा समोर तीन किंवा त्याहून कमी खेळाडू असतील, तर ती अव्वल पकड ठरते आणि प्रतिस्पर्ध्याला दोन गुण मिळतात. शिवाय बाद झालेला चढाईपटू साथीदाराने गुण आणून त्याला उठवेपर्यंत बाहेर बसतो. मुख्य चढाईपटूच बाहेर असेल तर त्याला उठवणार कोण? लोण चढायला इथूनच सुरुवात होते.

दुसरी गोष्ट, गुण कशातून आले ते पाहावे. समोर सहा किंवा सात खेळाडू असताना बोनस रेषा ओलांडली, मागचा पाय हवेत असला, की एक गुण मिळतो. बोनस घेणे हे मोठे कसब आहे. अनुप कुमारसारख्या कर्णधाराने त्याच्या जोरावर सामने फिरवले. पण शाळेच्या पातळीवर कोपरारक्षक कच्चे असतात, बोनस सहज सुटतो. ज्या मुलाचे निम्म्याहून जास्त गुण बोनसचे आहेत, त्याला समोर पाच खेळाडू उभे करून खेळवावे. तिथे बोनस नाही. स्पर्शच करावा लागतो. हात, पायाचा टो, लाथ, यांपैकी किमान दोन हत्यारे त्याच्याकडे आहेत का, हे तिथे उघड होते.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रतिस्पर्धी कोण होते. हवेली तालुक्यातल्या चार कच्च्या संघांविरुद्ध मिळवलेले चाळीस गुण आणि जिल्हा निवड चाचणीत मुरलेल्या संघाविरुद्ध मिळवलेले सहा गुण यांत मी सहा गुणांकडे आधी पाहीन. साखळी लावणारे मध्यरक्षक आणि वेळ साधून घोट्याला झेपावणारा कोपरा समोर असला, की चढाई खरी कळते.

तीस सेकंदांत काय पाहावे

चढाईला तीस सेकंद मिळतात. पुरुषांच्या मैदानाचे अर्धे अंगण साडेसहा मीटर खोल असते. मध्य रेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा आणि मागे उरते पावणेदोन मीटर जागा. म्हणजे सगळा खेळ चार-पाच पावलांचा. शंभर मीटर कोण किती वेगात धावतो, याचा इथे फारसा उपयोग नाही. दोन पावलांत वेग घेणे, एका पावलात थांबणे आणि उलट दिशेने सुटणे, यालाच इथे किंमत आहे.

एक चढाई जवळून पाहू. मुलगा मध्य रेषा ओलांडतो, 'कबड्डी, कबड्डी' सुरू. पहिले पाच-सहा सेकंद तो नुसता डावीउजवीकडे सरकतो. नवख्या प्रेक्षकाला वाटते वेळ चाललाय. प्रत्यक्षात तो बचावाला हलवून पाहत असतो: कोण पुढे येतो, कोणाचा हात साथीदाराच्या हातातून सुटतो, कोणता कोपरा वजन पुढच्या पायावर घेऊन बसला आहे. दहाव्या सेकंदाला तो कोपऱ्याकडे खोटा पाय टाकतो. कोपरा झेपावण्याच्या बेतात पुढे झुकतो. त्याच क्षणी मुलगा आतल्या बाजूला वळून मध्यरक्षकाच्या खांद्याला हात लावतो. आता राखीव क्षेत्रही खुले झाले. मागून कुणी कमरेला हात घालतो. इथे दोन प्रकारची मुले दिसतात. एक ताठ उभे राहून ओढाताण करते आणि साखळीत सापडते. दुसरे गुडघे वाकवते, छाती खाली नेते, पकडणाऱ्याच्या हाताखालून अंग काढून मध्य रेषेकडे झेप घेते. रेषेपलीकडे बोटाचे टोक टेकले, तरी झटापटीतले सगळे गुण त्याचे.

पारखणाऱ्याने यातल्या तीन जागा टिपायच्या. नजर कुठे होती? खाली की समोरच्या सातही जणांवर? खोटा पाय टाकल्यावर त्याचे स्वतःचे वजन कुठे होते? आणि अंगावर हात पडल्यावर कंबर किती खाली गेली? नजर आणि कमरेची ठेवण ही दोन लक्षणे वयाबरोबर टिकतात. नुसती ताकद आज आहे, उद्या इतरांनाही येईल. प्रदीपची डुबकी म्हणजे साखळीच्या खालून कंबर वाकवून निसटण्याचेच कसब होते, आणि उंच, धिप्पाड बचावपटूंना ती वर्षानुवर्षे उलगडली नाही.

कसोटीच्या मोजमापांची किंमत

राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीत उंची आणि वजनाबरोबर तीस मीटर धाव, सहा गुणिले दहा मीटरची शटल धाव, उभ्याने उडी, मेडिसिन बॉल फेक, 800 मीटर धाव, पुढे वाकून लवचिकता अशा चाचण्या घेतल्या जातात. चढाईपटूसाठी यांतली शटल धाव सर्वांत बोलकी, कारण तिच्यात थांबणे आणि वळणे आहे. उभ्याने मारलेली उडी पायांतला स्फोट दाखवते. 800 मीटर धावेला कमी महत्त्व द्यावे. तरी एक प्रयोग जरूर करावा: मुलाला लागोपाठ सहा चढाया करायला लावाव्यात, मध्ये अर्धा-अर्धा मिनिट विश्रांती द्यावी. पहिली आणि सहावी यांत पायांची चपळाई किती घसरली? पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा असतो. किशोर गटाच्या छोट्या डावांत खपून जाणारा थकवा पुढे खपत नाही.

अंगण बदलले की खेळही बदलतो. मातीत अनवाणी खेळणारे पोर मॅटवर बूट घालून आले की सुरुवातीला अडखळते. मॅटवर पाय घट्ट बसतो, त्यामुळे झटकन थांबता येते, पण तोच झटका घोटा आणि गुडघ्यावर येतो. म्हणून मातीतल्या स्पर्धा पाहून मत बनवले असेल, तर मॅटवर महिनाभर सराव दिल्याशिवाय ते पक्के करू नये. मॅटवरच्या सरावासाठी पुणे शहराच्या दुसऱ्या टोकाला बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. 2019 च्या खेलो इंडिया युवा स्पर्धा तिथेच झाल्या. पूर्व हवेलीतल्या मुलाला तिथपर्यंतचा प्रवास सोपा नाही, म्हणून शाळांनी एकत्र येऊन मॅटची सोय करणे हाच व्यवहार्य मार्ग.

वय, वजन आणि फसवी वाढ

या साऱ्या पारखण्यातला सर्वांत मोठा खड्डा म्हणजे शरीराची वाढ. मुलांमध्ये उंचीची झपाट्याने वाढ सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास होते, मुलींमध्ये बाराव्या. पण सरासरी ही सरासरीच. कुणी तेराव्या वर्षीच दाढीमिशीला लागतो, कुणी सोळाव्या वर्षापर्यंत कोवळा राहतो. पंधरा वर्षांखालील सामन्यात लवकर वाढलेला मुलगा सगळ्यांना ओढत रेषेपलीकडे नेतो आणि आपण त्याला हिरा समजतो. दोन वर्षांनी बाकीचे वाढले की त्याची जादू ओसरते, कारण ताकदीच्या जोरावर जिंकताना त्याने कसब शिकलेलेच नसते. याउलट उशिरा वाढणारा मुलगा निसटून, फसवून खेळायला शिकतो. अंग भरल्यावर तोच भारी पडतो. बैलाचे दात पाहून वय सांगणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

जन्मतारखेचाही हात असतो. संशोधक रॉजर बार्न्सली यांनी 1985 मध्ये कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या. वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू वरच्या संघांत फार जास्त निघाले. कारण साधे होते: वयोगटाची तारीख एक जानेवारी, म्हणजे जानेवारीतले मूल डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे. निवड त्यालाच मिळते, सरावही त्यालाच. आपल्या शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात, तिथेही हेच लागू होते. खोटे दाखले हा त्याहून उघड रोग. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा क्ष-किरण काढून हाडांचे वय तपासते. शाळेतल्या शिक्षकाकडे ती सोय नसली, तरी दर तीन महिन्यांनी उभी उंची, बसलेली उंची आणि वजन वहीत नोंदवणे त्याच्या हातात आहे. उंची अजून भराभर वाढत असेल, तर निकाल पुढे ढकलावा.

वजनाचे गणित वेगळे. कुमार गटात वीस वर्षांपर्यंतचे आणि सत्तर किलोंपर्यंतचे मुलगे खेळतात. वरिष्ठ पुरुषांसाठी मर्यादा 85 किलो आहे. अठराव्या वर्षी 69 किलोंवर अंग आवरून कुमार गट गाजवणारा मुलगा पुढच्या पायरीवर पंधरा किलोंनी जड कोपऱ्याच्या तावडीत सापडणार असतो. त्याच्या हाडापेराला आणखी आठ-दहा किलो स्नायू पेलतील का, हे आईवडिलांची अंगकाठी पाहूनही थोडेफार कळते. सामन्याच्या आदल्या दिवशी पाणी बंद करून वजन उतरवणारा शिक्षक असेल, तर आधी तो शिक्षक बदलावा. मुलींचे मैदान 12 बाय 8 मीटरचे आणि त्यांची निदान रेषा तीन मीटरवर. तिथे जागा कमी, म्हणून पहिल्या पावलाचा वेग आणखी महत्त्वाचा. पुण्याच्या शकुंतला खटावकर यांच्यापासून 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई सुवर्णपदक विजेत्या संघात असलेल्या स्नेहल शिंदेपर्यंत इथल्या मुलींची परंपरा मोठी आहे. तरी गावच्या स्पर्धांत पारखणाऱ्यांची नजर अजून मुलांवरच खिळलेली असते.

तिसरी चढाई आणि बाकावरचा वेळ

लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. प्रशिक्षक ही चढाई कुणाला देतो, यावरून त्याचा विश्वास कळतो. मुलगा ती कशी करतो, यावरून त्याचा स्वभाव. वीस सेकंद वाया घालवून शेवटी डोळे मिटून अंगावर जाणारे खूप असतात. सुरुवातीलाच एक बचावपटू निवडून त्याच्यावर सापळा लावणारे थोडे. पकडला गेल्यानंतर लगेचची चढाईही पाहावी. आणि तो बाहेर बसतो तेव्हा काय करतो? पंचांवर डोळे वटारतो, मोबाईलवर आपल्या चढाईची चित्रफीत पाहतो की समोरच्या कोपऱ्याची सवय हेरतो? याचे उदाहरण जवळचेच: पुणेरी पलटणने प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचे विजेतेपद 1 मार्च 2024 रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून मिळवले. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार हा नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या खेड्यातून, गरिबीतून वर आलेला. चढाई करणारा, वेळेला पकडीतही उतरणारा आणि तरुण वयात संघ सांभाळणारा. नुसत्या गुणांच्या बेरजेत असा खेळाडू पूर्ण दिसत नाही.

शरीर किती टिकेल, हा प्रश्न मात्र कुणी आवडीने विचारत नाही. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये पदार्पणाच्या हंगामात यू मुंबाकडून चढाईचे 218 गुण मिळवून गेला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाख रुपयांना घेतले. नंतर दुखापतीने त्याचा एक हंगाम जवळजवळ गिळला, आणि पुन्हा उभे राहायला त्याला झगडावे लागले. रनिंग बॅकची कारकीर्द अमेरिकेत याच कारणाने सर्वांत छोट्या कारकिर्दींपैकी एक मानली जाते: प्रत्येक डावात अंगावर कुणीतरी आदळते. मुलाला एका पायावर उडी मारून त्याच पायावर उतरायला सांगावे. गुडघा आत झुकत असेल, तर करंडकाआधी त्याला मांड्या आणि नितंबांचा व्यायाम हवा. मुलींमध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत जास्त होते, म्हणून ही तपासणी त्यांच्यासाठी तर अनिवार्यच.

घरच्यांसाठी दोन शब्द

खेळाचा रस्ता आता पूर्वीपेक्षा रुंद झाला आहे. शालेय स्पर्धा, जिल्हा संघटनेची निवड चाचणी, विद्यापीठाचा संघ, आंतरविद्यापीठ स्पर्धा, राज्य शासनाच्या नोकऱ्यांतले खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण, रेल्वे आणि पोलीस दलांचे संघ, आणि शेवटी प्रो कबड्डी. पण यातल्या अनेक पायऱ्यांना बारावी किंवा पदवी लागते. लीगमध्ये जागा मोजक्या. विद्यापीठात आणि नोकरीत त्याहून कितीतरी जास्त. म्हणून अभ्यास सोडून पूर्णवेळ कबड्डी, हा सल्ला देणारा माणूस मुलाच्या भल्याचा नव्हे. पैसे भरा, लीगमध्ये निवड करून देतो असे सांगणारा तर थेट दारातूनच परत पाठवावा.

क्रीडाशिक्षकांनी आजपासून एक वही घालावी. प्रत्येक सामन्याला एक पान: चढाया किती, स्पर्शाचे गुण किती, बोनस किती, रिकाम्या किती, पकडला किती वेळा, तिसऱ्या चढाईत काय झाले, समोरचा संघ कोणता. दर तीन महिन्यांनी उंची आणि वजन. दोन हंगामांची अशी वही हाताशी असेल, तर विद्यापीठाच्या क्रीडा संचालकासमोर ती दहा करंडकांपेक्षा जास्त बोलते. आणि सोळाव्या वर्षी दिलेला निकाल दर वर्षी पुन्हा तपासावा, कारण त्या वयात पोरे आपल्या अंदाजापेक्षा लवकर बदलतात.